पाणी बघत जा

"एक्केचाळीस किलो भरली की ही. बाजूला का काढता, अंकल?" भंगारवाल्या डेरिकने बॅटरी काट्यावरून उतरवत विचारलं.

"ती नाय द्यायची," सिप्रियन म्हणाला.

डेरिकला नवल वाटलं. मेलेली बॅटरी ठेवून करायचं काय? गिरीजच्या नाक्यावर सिप्रियनचं इन्व्हर्टरचं दुकान, आणि या धंद्यातला खरा नफा जुन्या बॅटरीतच. नवी विकताना गिऱ्हाईक घासाघीस करून चहापुरतंच सोडतं. जुनीतलं शिसं मात्र किलोच्या भावाने जातं. कारखान्यात ते वितळतं आणि पुन्हा नव्या बॅटरीत येतं. शिशाला मरण नाही. मरण वरच्या खोक्याला, ते दळून टाकतात.

त्या खोक्यावर फिलोमिनाचं अक्षर होतं. दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक बॅटरीवर सिप्रियनची बायको पांढऱ्या रंगाने तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव घालायची, खाली लिहायची, 'पाणी बघत जा.' ती जाऊन पाच वर्षं होत आली. बॅटरीचं आयुष्यही साधारण तेवढंच. त्यामुळे तिचं अक्षर एकेक करून दुकानात परत येत गेलं आणि हा शहाणा ते किलोवर विकत गेला. काल चंदनसारच्या विनयाबाईंची बॅटरी आणली, तिच्यावरची तारीख त्याने दोनदा वाचली. त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी फिलोमिनाला दवाखान्यात नेलं होतं. म्हणजे ही शेवटची.

भाव चढलाय, पुढच्या आठवड्यात पडेल, असं डेरिकने परोपरीने सांगून पाहिलं. सिप्रियन बधला नाही. शेवटी डेरिक उरलेल्या बॅटऱ्या टेम्पोत भरू लागला.

आता हिला घरी न्यायची, फिलोमिनाच्या फोटोखाली ठेवायची. पण अ‍ॅसिड लागलेली वस्तू घरात कशी न्यायची? सिप्रियनने सोड्याचं पाणी ओतलं, तारेचा ब्रश घेतला आणि तीस वर्षांच्या सवयीने बॅटरी चारी बाजूंनी खसाखसा घासली. फेस ओघळून गेला तेव्हा खोकं काळंभोर आणि कोरं होतं. पाच वर्षं अ‍ॅसिडची वाफ खाल्लेला रंग तो, कितीसा टिकणार?

तो ब्रश धरून तसाच उभा राहिला. रडू आलं नाही, स्वतःची लाज वाटली. सगळी विकली ती विकली, जपायला घेतलेली एकच होती, ती आपल्याच हाताने पुसली.

"निघू, अंकल?"

"थांब. ही पन घे."

डेरिकने बॅटरी पुन्हा काट्यावर ठेवली. एक्केचाळीस किलोच भरली.

टेम्पो गेल्यावर सिप्रियनने फरशी धुतली, बादली पालथी घातली. ब्रश मात्र धुतला नाही. त्याच्या तारांत थोडा पांढरा रंग अडकला होता.