काचेमागची रिकामी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण अर्धाच. एका अंगाने आरसा, दुसऱ्या अंगाने खिडकी. उजेडाच्या खोलीतून पाहाल तर तुमचंच तोंड दिसेल, आणि अंधाराच्या खोलीतून पाहाल तर पलीकडचं सगळं. माणसांमध्ये अशाला दुतोंडी म्हणतात आणि चार हात लांब ठेवतात. मला मात्र दूर देशातल्या, नदीकाठच्या पाराना शहरातल्या एका शिक्षक-विद्यालयाने मुद्दाम मागवून घेतलं.

माझा जन्म काचकारखान्यातल्या भट्टीत झाला. चांदीचा मुलामा इतका विरळ दिला, की म्हातारा कारागीर म्हणाला, "हा धड ना आरसा, ना काच. बघू, याच्या नशिबात काय आहे ते." पेंढ्यात गुंडाळून मला ट्रकमधून आणलं आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवलं. उजेडाच्या खोलीत एक बुटकं टेबल, दोन खुर्च्या, रंगीत खडूंचा डबा आणि भिंतीवर फोन. अंधाराच्या खोलीत एकच खुर्ची आणि दुसरा फोन.

इथे शाळांमधल्या शिक्षिका समुपदेशक व्हायला शिकत. लेकराचं मनातलं ऐकायचं कसं, ते शिकत. शिकणारी उजेडात लेकरासमोर बसायची, शिकवणारी मागच्या बोळातून अंधारात येऊन बसायची. दोघी आधी भेटायच्या नाहीत. लेकराला पहिल्यांदाच सांगायचं, की आरशामागे कोणीतरी आहे आणि तेही ऐकतंय. तसं न सांगणं म्हणजे चोरी. आणि शिकणारीसाठी एक नियम होता: फोन वाजला तर थांब, नाही वाजला तर तुझं ठीक चाललंय. मित्रांनो, हा नियम नीट लक्षात ठेवा. याच नियमाने पुढे घात केला.

सव्वीस वर्षं त्या अंधारात हेबेबाई बसल्या. आल्या की आधी दार घट्ट लावायच्या, फटीतून उजेड येत नाही ना ते हाताने चाचपायच्या, मग थर्मास आणि माते नावाच्या कडवट पाल्याच्या चहाची तुंबडी मांडीवर घेऊन बसायच्या. जीभ म्हणजे कात्री. कोणी पोरासमोर प्रवचन झोडायला लागली की फोन वाजलाच. "अगं, जरा श्वास घे. आणि त्या पोरालाही घेऊ दे!"

नंतर शिकणारी मागे यायची. तिच्या हातात त्या माते द्यायच्या. "आधी घोट घे. आता सांग, कुठे चुकलीस? मला माहीत आहे, पण तुझ्या तोंडून ऐकू दे."

पोरी रडायच्या. हेबेबाई शांतपणे तुंबडीत गरम पाणी ओतत राहायच्या. "झालं रडून? मग पुढच्या वेळी काय करशील ते बोल." आणि जाता जाता म्हणायच्या, "शिकणारीची चूक माझ्या पदरात पडली पाहिजे, लेकराच्या नाही. म्हणून तर मी इथे अंधारात बसते. मला काय घरी खुर्च्या नाहीत?"

दर शुक्रवारी त्या मला ओल्या वर्तमानपत्राने स्वतः पुसायच्या. दुसऱ्या गावचे पाहुणे मला बघायला यायचे आणि पाठ थोपटायचे. मला वाटायचं, हे सगळं माझंच कौतुक. मूर्ख होतो मी. मागे माणूस नसेल तर माझी किंमत भिंतीएवढीच, हे मला फार उशिरा कळलं.

हेबेबाई निवृत्त झाल्या आणि बारागान सर आले. हुशार गृहस्थ, तीन ठिकाणी तीन पदं. पहिला महिना नेमाने आले. मग उंटावरून शेळ्या हाकायला लागले. महिनाअखेरीला यायचे, वहीत एकदम तीस सह्या ठोकायचे आणि प्रत्येक सहीपुढे तेच लिहायचे: "निरीक्षण केले. सूचना दिल्या." शिकणारीला चिठ्ठी जायची: "छान. असेच चालू ठेवा." मागचं दार लावायला कोणी नसल्यामुळे ते अर्धवट उघडंच राहू लागलं. खुर्चीवर धूळ बसली. माझ्या मागच्या अंगावरही बसली.

नोएलिया त्याच वर्षी आली. आठ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली, नखं कुरतडणारी, जीव लावणारी. एकदा झाडणाऱ्या सुनिल्दाला आनंदाने सांगत होती, "सरांचा फोन एकदाही वाजला नाही बघ! म्हणजे मला जमतंय की गं!"

सुनिल्दाने फडकं पिळलं आणि नुसतं "हो का?" म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. पण तिची नोकरी सरांच्याच मेव्हण्याने लावली होती. ती तरी काय बोलणार?

नोएलियाकडे सिरो नावाचा मुलगा यायचा. नऊ वर्षांचा. वर्गात अचानक गप्प झालेला, म्हणून शाळेने पाठवलेला. चार भेटींत त्याने फक्त होड्या काढल्या. पाचव्या भेटीत खडू खाली ठेवला.

"बाई, मी एक गोष्ट सांगितली तर ते मागचे सर पण ऐकतील?"

"ऐकतील ना. दोघांनी ऐकलं की ती गोष्ट हरवत नाही."

सिरो उठला. माझ्याजवळ आला, दोन्ही हातांचे पंजे डोळ्यांभोवती धरले आणि नाक मला टेकवून आत पाहिलं. असं पाहिलं आणि मागच्या दारातून उजेड येत असला, तर माझं गुपित उघडं पडतं. लेकरांना हे न शिकवता येतं.

"बाई, इथे कोणीच नाही."

"आहेत रे राजा. तुला इकडून दिसत नाही."

"नाहीत! रिकामी खुर्ची आहे."

"सिरो, मी खोटं बोलेन का तुझ्याशी?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीवर येऊन बसला, आणि खडू उचलून आणखी एक होडी काढायला लागला. नोएलियाने घाबरून माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. फोन वाजला नाही. म्हणजे ठीक चाललंय! तिचा चेहरा निवळला. मित्रांनो, त्या क्षणी मला तडकून जावंसं वाटलं होतं. पण आम्हा आरशांना तेवढंही स्वतःहून करता येत नाही.

अकरा दिवसांनी सिरो घरातून पळाला. तीन दिवसांनी नदीपलीकडच्या बेटावर एका कोळ्याला सापडला, तापाने फणफणलेला. जीव वाचला. पण तेव्हापासून तो कोणाशी म्हणजे कोणाशी बोलला नाही.

चौकशी बसली, आणि तीही माझ्याच समोर, त्या उजेडाच्या खोलीत.

"मागे सर नव्हते असं तुमचं म्हणणं," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही खुर्ची रिकामी पाहिलीत?"

"नाही. इकडून कसं दिसणार?" नोएलिया म्हणाली.

"मग कोणी पाहिली?"

"सिरोने."

"जो आता बोलत नाही, तो? वा!"

हेबेबाई काठी टेकत आल्या होत्या, न बोलावता. त्या बारागान सरांकडे वळल्या. "एकच विचारते. त्या दिवशी पोराने उठून काय केलं?"

"बाई, मुलं उठतात, बसतात. मी किती मुलं पाहतो! कसं लक्षात राहणार?"

"ते पोर आरशाला नाक लावून उभं होतं. तुझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर! तू तिथे असतास तर जन्मात विसरला नसतास. या पोरीने हे जबानीत लिहिलंय. तीही वाचली नाहीस वाटतं?"

सरांचे कान लाल झाले. हेबेबाई अध्यक्षांना म्हणाल्या, "उठा, हात डोळ्यांशी धरा आणि बघा. दिसतं की नाही ते आत्ताच कळेल." हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे तर आरसाही समोर होता. पण अध्यक्षांची जेवणाची वेळ झाली होती.

"हेबेबाई, तुमच्याविषयी आदर आहे. पण सही ती सही," ते म्हणाले.

निकाल लागला: निरीक्षकाने दिलेल्या सूचना शिकणारीने पाळल्या नाहीत, सबब तिला समुपदेशनाचं प्रमाणपत्र कधीही मिळणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! पुढल्या वर्षी निरीक्षणाची नियमावली लिहायचं काम बारागान सरांना मिळालं, हेही सांगून टाकतो.

सगळे गेल्यावर नोएलिया माझ्यापाशी आली. डोळ्यांभोवती पंजे धरले, नाक टेकवलं आणि पाहिलं. खूप वेळ पाहिलं. माझ्या काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं आणि विरलं.

हेबेबाईंनी तिच्या हातात माते दिली. "आधी घोट घे. आता सांग, कुठे चुकलीस?"

"त्याने पाहिलं होतं, बाई. मी पाहिलंच नव्हतं. तरी मी त्यालाच खोटं पाडलं."

हेबेबाई नेहमीचा पुढचा प्रश्न विचारतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. पुढच्या वेळी काय करशील? पण त्यांनी तो विचारला नाही. तिच्या हातातली तुंबडी परत घेतली आणि थर्मासचं झाकण लावलं.

नोएलिया त्याच संध्याकाळी सिरोच्या मावशीच्या घरी गेली; आता तो तिथेच राहत होता. दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "सिरो, तू खरं सांगत होतास. मागे कोणी नव्हतं." दार उघडलं नाही. हे मला सुनिल्दाने सांगितलं, फडकं पिळत. आता तिला कंठ फुटला होता. काय उपयोग?

आता मी अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या जागी कॅमेरा लावलाय. तो सगळं टिपून ठेवतो. टिपलेलं बघतं कोण, ते सुनिल्दालाही माहीत नाही.

मित्रांनो, मला पुसा, पुसू नका, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, कोणाला तरी शिकवाल, कोणाच्या तरी मागे बसाल. तेव्हा आधी खुर्चीत बसा आणि मगच सही करा. आणि एखादं लेकरू म्हणालं, की तिथे कोणी नाही, तर उठून मागे जाऊन बघा. चार पावलांचं तर अंतर होतं.

माझ्यावर नाकाचे दोन डाग आहेत, एक खाली, एक वर. सुनिल्दा धूळ झटकते तेव्हा ते दोन्ही सोडून झटकते. सिरोला काय सांगायचं होतं, ते आजपर्यंत कोणालाच कळलं नाही.