पेजेची निवळ

"बाई मागे बसतली," सुगंधा म्हणाली. "मगे पुढच्या काचेक कागद कित्याक?"

भिकाजीच्या दोन्ही हातांत हिरव्या जिलेटिन कागदाची ओली टोकं होती. ओला जिलेटिन कागद ही मोठी चावट वस्तू. एकीकडून सरळ करावा तर दुसरीकडून वळतो, आणि जरा नजर हलली की स्वतःलाच चिकटून बसतो. तशात बायकोच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं.

"समोरसून उजेड येता गो," तो म्हणाला. "मागच्या माणसाच्याय डोळ्यांत जाता."

हे उत्तर त्यानं सकाळपासून तयार ठेवलं होतं. सुगंधानं मान हलवली आणि वाडग्यातली निवळ काचेवर ओतली.

गाडी भाई तेंडोलकर वकिलांची. मालवणात तेव्हा खाजगी गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतल्या या जुन्या ऑस्टिनवर भिकाजी सव्वीस वर्षं ड्रायव्हर होता. आधी भाईंच्या वडिलांना त्यानं फिरवलं, आता भाईंना. वकिलांच्या आई राधाबाई यांचा एक डोळा महिन्यापूर्वी बेळगावला कापून आणला होता. मोतीबिंदू. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता आणि दीड महिना कडक उजेडात जाऊ नका म्हणून बजावलं होतं. पण धामापूरच्या भगवतीला चांदीचे डोळे वाहायचा नवस राधाबाईंनी केला होता, आणि नवस फेडायला दीड महिना थांबायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी भाईंनीच तोड काढली. बाजारातून गणपतीच्या आराशीचा हिरवा जिलेटिन कागद आणला आणि तो गाडीच्या काचांना लावून घे म्हणाले. गॅरेजवाल्याला बोलावू का, असंही त्यांनी विचारलं. भिकाजी म्हणाला, त्यात काय, मीच लावतो.

लावण्यात त्याचा हात खरंच बसला होता. आधी काच धुवायची, मग ओली करायची, कागद वरून सोडायचा आणि जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा घेऊन मधून कडांकडे दाबत जायचं, म्हणजे आतलं पाणी आणि बुडबुडे बाहेर पडतात. प्रश्न चिकटवायचं कशानं एवढाच होता. सुगंधा म्हणाली, पिठाची खळ करून देते. भिकाजीनं तिला वेड्यात काढलं. खळीनं काच पांढरी होते, एवढंही कळत नाही? त्यापेक्षा पेजेची निवळ घ्यावी. पेज थंड झाली की वर जे पाणी राहतं ते पाण्यासारखंच दिसतं आणि बोटाला मात्र चिकट लागतं. सुगंधानं वाद घातला नाही. दिवस मावळायच्या आत सगळ्या काचा हिरव्या झाल्या, आणि एकही बुडबुडा राहिला नाही.

भिकाजी आत जाऊन स्टिअरिंगवर बसला. समोरचा माड, विहीर, विहिरीवरचा कपडे धुवायचा दगड, सगळं हिरवं आणि शांत दिसत होतं. कितीतरी दिवसांनी त्याच्या डोळ्यांना काही टोचलं नाही. त्याला एकदम रडायलाच आलं.

कारण खरी गोष्ट अशी होती की समोरच्या काचेवरचा कागद त्यानं स्वतःसाठी लावला होता.

वर्षभर हे चाललं होतं. आधी दिव्याभोवती वलयं दिसू लागली. मग उन्हात रस्ता दिसेनासा झाला. सावलीत, संध्याकाळी त्याला बरं दिसायचं, पण ऊन चढलं की समोर नुसता उजेडाचा लोळ. माघ महिन्यात कसालजवळ तो रिकामी गाडी घेऊन येत होता. रस्त्यावर कोणी नव्हतं. एकाएकी गाडीच्या नाकासमोर फटकन काळी छत्री उघडली आणि भिकाजीनं ब्रेक दाबला. छत्रीमागे पांढरं धोतर, पांढरा सदरा घातलेला एक म्हातारा होता. तो भर रस्त्यातच चालत होता. छत्री काळी होती म्हणून वाचला. म्हातारा शिव्या देत निघून गेला आणि भिकाजी ऊन उतरेपर्यंत गाडीत बसून राहिला. हे त्यानं घरी सांगितलं नाही. भाईंना तर नाहीच. ड्रायव्हरला दिसत नाही हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की तो ड्रायव्हर राहत नाही. मग भिकाजी कोण राहणार होता?

त्या दिवसापासून गाडी सुरू करण्याआधी तो काच दोनदोनदा पुसायचा.

सकाळी भाईंना कोर्टाची तारीख होती आणि सूनबाई माहेरी बाळंतपणाला गेलेली. त्यामुळे राधाबाई एकट्याच गाडीत बसल्या. काळा चष्मा, मांडीवर छत्री, हातात चांदीच्या डोळ्यांची डबी. काचा वर ठेव, असं भाईंनी दोनदा सांगितलं. धामापूर काही लांब नाही, सावकाश गेलं तरी तासाचा रस्ता.

कुंभारमाठ मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. झाडांची सावली होती, हिरवी काच होती, आणि भिकाजी मनातल्या मनात स्वतःच्या युक्तीवर खूश होता. मग गाडी कातळावर आली. शिमगा होऊन गेला होता, कातळावरचं गवत करपून गेलं होतं आणि ऊन समोरून येत होतं. चौके मागे टाकल्यावर काचेच्या कडेला त्याला जरासं धुरकट दिसलं. त्यानं डोळे मिचकावले. धूर गेला नाही, उलट कडेकडून मध्ये सरकू लागला. ताकात थेंब थेंब पाणी मिसळावं तसा रस्ता पांढऱ्यात विरघळत होता.

भिकाजीनं एका हातानं डोळे चोळले. गेले, त्याला वाटलं. डोळे गेले. एवढे दिवस थोडे थोडे जात होते ते आज एकदम गेले, आणि मागे राधाबाई बसलेल्या आहेत.

थांबायचं त्याला सुचलं नाही असं नाही. पण थांबला तर सांगावं लागलं असतं. म्हणून तो आठवणीवर गाडी चालवू लागला. हा रस्ता त्याच्या अंगात होता. आता वड येणार, मग उजवं वळण, मग उतार, आणि उताराच्या टोकाला ओहोळावरची कठडा नसलेली मोरी. चाकाखाली खडी कुरकुरली की तो डावीकडे गेल्याचं कळायचं आणि तो गाडी उजवीकडे घ्यायचा. वड आला की नाही ते कळलं नाही, काच जरा काळसर झाली एवढंच. त्याची पाठ घामानं भिजून सीटला चिकटली होती. उतार लागला. आता मोरी. मोरीच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर खोल ओहोळ होता, आणि मोरी गाडीपेक्षा दोन हातांनीच रुंद होती.

त्यानं ब्रेक दाबला.

"काय झाला रे?" राधाबाईंनी विचारलं.

"इंजिन तापला, आईनू."

"वास येणा नाय तो." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि माज्या बाजूची काच अशी पेजेसारी कशी झाली रे?"

भिकाजीनं मान वळवली. राधाबाईंच्या शेजारची काच दुधी झाली होती. पलीकडचीही. त्यानं दार उघडून बाहेर उडी मारली आणि समोरच्या काचेवर नखानं कागद ओरबाडला. आत पांढरा थर होता. सुकलेली पेज. रात्रभर ओली होती तोवर पाण्यासारखी दिसली, आणि ऊन लागताच ती पांढरी झाली. खळीनं काच पांढरी होते म्हणून त्यानंच सुगंधाला वेड्यात काढलं होतं. भिकाजी रस्त्यात उभा राहून हसू लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले. राधाबाईंना त्यानं सगळं सांगितलं, खळ, निवळ, सुगंधा, आणि त्याही खुदकन हसल्या.

ओहोळात पाणी होतं. भिकाजीनं डब्यातून ते आणलं, समोरचा कागद भिजवून सोलून काढला आणि काच धुतली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बोटं फिरवून पाहिली, कुठे चिकट लागत नव्हतं. राधाबाई मागच्या कोंदटपणाला कंटाळून पुढे येऊन बसल्या. त्यांनी चष्मा जरा वर करून पाहिलं.

"आता लख्ख झाली," त्या म्हणाल्या.

भिकाजी स्टिअरिंगवर बसला आणि त्यानं समोर पाहिलं. मोरीवर, मोरीच्या पलीकडे, सगळीकडे पांढरा उजेड पसरला होता. काच स्वच्छ होती. पेज गेली होती आणि पांढरं तसंच होतं.

"व्हय," तो म्हणाला. "लख्ख झाली."

राधाबाईंनी तांब्यातलं पाणी प्यायला त्याच्यापुढे धरलं. त्याचा हात तांब्याच्या वीतभर अलीकडे हवेत मिटला, मग चाचपत पुढे गेला. राधाबाईंनी ते पाहिलं. पाणी पिऊन त्यानं तांब्या परत दिला आणि किल्लीला हात घातला.

"थांब जरा," राधाबाई म्हणाल्या. "ती बैलगाडी मोरीवरसून जाव दी. मगे जाऊया."

"व्हय, जाव दी," भिकाजी म्हणाला.

दोघं थांबली. भिकाजी समोर बघत राहिला. बैलगाडी मोरीवर चढायला किती वेळ लागतो, ओलांडायला किती, याचा त्याला पुरता अंदाज होता. तेवढा वेळ त्यानं जाऊ दिला. बाजूला घेतल्यासारखं स्टिअरिंगही जरा फिरवलं.

"गेली," तो म्हणाला. "निघूया मा?"

राधाबाईंनी त्याच्याकडे तोंड वळवलं.

"भिकाजी," त्या म्हणाल्या, "गाडी नव्हतीच मा रे."

ओहोळाचं पाणी वाजत होतं. भिकाजीनं स्टिअरिंग धरून ठेवलं होतं, दोन्ही हातांनी, गाडी वेगात असल्यासारखं.

"माका ठावक आसा ता," राधाबाई हळूच म्हणाल्या. "मी वरीसभर सुनेक असाच सांगलंय. दिसता, दिसता. तांदळातले खडे बोटांनी काढी होतंय."

मग भिकाजीनं सांगितलं. कसालचा म्हातारा, काळी छत्री, हिरवा कागद कोणासाठी लावला ते, सगळं. सांगताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "आईनू, भाईंक सांगा नको." लगेच त्यालाच कळलं की आपण काय मागतोय. त्याच्या मागच्या सीटवर उद्या भाई बसणार होते, परवा भाईंचं बाळ. त्यानं किल्ली काढली आणि राधाबाईंच्या हातात ठेवली. "माका भय वाटता," तो म्हणाला. "वरीसभर भय वाटता."

त्यांनी किल्ली डबीत ठेवली, चांदीच्या डोळ्यांबरोबर.

देऊळ तिथून अर्धा मैलही नव्हतं. गाडी मोरीपलीकडे सावलीत ढकलायला रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी हात लावला. मग राधाबाईंनी छत्री उघडली, भिकाजीचा हात धरला आणि दोघं चालत निघाली. वाटेत भेटणारे बाजूला होऊन त्यांना वाट देत होते. वकिलांचा ड्रायव्हर म्हातारीला किती जपून नेतो, असं एक बाई दुसरीला म्हणालीही. "खड्डो आसा, डाव्यान चल," राधाबाई पुटपुटत होत्या, आणि भिकाजी डावीकडे पाऊल टाकत होता.

देवळात गुरवानं गाऱ्हाणं घालायच्या आधी नेहमीप्रमाणे विचारलं, डोळे कोणाच्या नावानं वाहायचे. राधाबाईंनी आपलं नाव सांगितलं आणि भिकाजीकडे बोट केलं. एक डोळा माझा, एक ह्याचा. गुरवानं त्याला नाव विचारलं, मग धंदा विचारला. भिकाजी अडखळला. "ड्रायव्हर" हा शब्द त्यानं उच्चारला तेव्हा आवाज इतका बारीक झाला होता की गुरवाला परत विचारावं लागलं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला जमलेली चार माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत होती. भिकाजीही म्हणत होता. डॉक्टर त्याच्या डोळ्यांना लगेच हात लावणार नव्हता, मोतीबिंदू पिकावा लागतो, आणि पिकेपर्यंत काय, ते देवीलाही कोणी विचारलं नाही.

गुरवाचा माणूस सायकलनं निरोप घेऊन गेला आणि दुपारच्या एसटीनं मालवणहून धोंडू आला. तो गावातल्या डॉक्टरांची गाडी चालवायचा, चाळिशीचा, सरळ माणूस. तोवर दोघं गाडीपाशी परतली होती, आणि भिकाजीनं सावलीत बसून बाकीच्या काचांचे कागद भिजवून काढले होते. धोंडू म्हणाला, असू देत की, म्हातारीला सावली. भिकाजी म्हणाला, पेज सुकली की फडक्यानं निघत नाही, दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची तर काच स्वच्छ हवी. राधाबाईंच्या बाजूला त्यानं स्वतःचा टॉवेल बांधला. मग सगळ्या काचांवरून एकदा बोटं फिरवली, आतून आणि बाहेरून.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो डाव्या बाजूला बसला. गाडी सुरू झाली. धोंडूचा हात चांगला होता, गिअर न वाजवता टाकायचा.

"आता मोरी येतली," भिकाजी म्हणाला. "अरुंद आसा. कठडो नाय."

"दिसता माका," धोंडू म्हणाला.

भिकाजीच्या समोर पांढरं होतं. मोरीवर, मग चढावर, वडाच्या वळणावर, पुढे घरापर्यंतच्या प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय ब्रेक नसलेल्या मोकळ्या पत्र्यावर दाबला जात होता.