नखभर कडं

…इतकंच? मधल्या भोकाभोवती नखाएवढं गडद कडं आणि त्यापुढे काठापर्यंत नुसती जांभळी झिलई – कोरी, गुळगुळीत, तिचाच चेहरा लांबुडका करून दाखवणारी. तिने चौथी डीव्हीडी खिडकीपाशी धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. पहिल्या तीन फोटोंच्या. त्यांचा लिहिलेला भाग पार काठाला टेकेपर्यंत गडद झाला होता. चौथीवर आप्पांची दोनशे बारा ध्वनिमुद्रणं होती. दोनशे बारा संध्याकाळी, आणि जागा लागली नखाएवढी! समोर रक्ताच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. अठरा वर्षं या प्रयोगशाळेत ती नव्या मुलींना बजावत आली होती – चिठ्ठीवर जाऊ नका, आधी नळीत बघा. चौथीवर तिने सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘आप्पांचा आवाज’.

पण मी उघडून पाहिलं होतं की! सकाळीच, निघायच्या आधी, घरच्या लॅपटॉपवर. डीव्हीडीवरचं ‘आप्पा’ नावाचं चित्र दाबलं, यादी उलगडली, त्यातलं एक लावलं आणि आप्पा बोलले, “सुरू झालं का गं?” दर वेळी ते असंच सुरू करायचे, कारण बटण मी दाबायचे आणि त्यांचा ना माझ्यावर विश्वास, ना बटणावर. तेवढं ऐकून लगेच बंद केलं होतं. का केलं, ते आत्ता आठवत बसायला नको.

…उघडलं खरं, पण उघडलं कुठून? त्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता. आजोबांना शोधाशोध नको म्हणून भाचीने ते चित्र पडद्यावर आणून ठेवलं होतं, आणि सांगूनही गेली होती – आत्या, हे खरं नाही हं, खरं आत आहे, ही नुसती तिकडे जायची वाट. म्हणजे डीव्हीडीवर तिने घराऐवजी घराचा पत्ता उतरवून घेतला, आणि तपासला तोही त्याच मशीनवर. पत्त्याने इमानेइतबारे घर दाखवलं. फोटोंच्या एकेका डीव्हीडीला वीस-वीस मिनिटं लागली होती. ही मात्र गॅसवरचं दूध वर यायच्या आत तयार! तेव्हा तिला वाटलं, हात बसला आपला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

दादा फोनवर म्हणाला होता, तू त्यात पडू नकोस, दुरुस्तीवाला काढून देईल सगळं. त्यावर तिनेच त्याला झापलं होतं की आप्पांचा आवाज मी परक्याच्या हातात देणार नाही. आणि आज नऊ वाजता मशीन त्या परक्याच्याच टेबलावर ठेवून तिने सांगितलं, फार रखडतंय, पूर्ण कोरं करा, माझं सगळं काढून झालंय. तो म्हणाला होता, एकच्या सुमाराला घेतो.

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. त्याचा फोन लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला नळ्यांकडे बघायला सांगून ती अंगातल्या पांढऱ्या कोटानिशीच बाहेर पडली, डीव्हीडी हातात तशीच.

दीड वर्ष. आप्पांची वाचा गेली त्याला दीड वर्ष झालं, आणि दीड वर्षात तिने त्यातलं एकही लावलं नव्हतं… नंतर ऐकू, सावकाश ऐकू, जागेवर आहे ना, मग झालं. रस्ता ओलांडताना सकाळचं आठवलंच. यंत्रातले आप्पा बोलले, आणि शेजारच्या खोलीतून पलंगावरचे आप्पाही. शब्द नाहीत, नुसता तोच घोगरा, लांबट आवाज, शेवटी जरासा वर चढणारा. एरवी रोज संध्याकाळी काढतात, दिवे लावायच्या वेळेला. ती म्हणते, हो हो, आणते. आणि पेला त्यांच्या ओठांना लावते. ते पितात, अर्धं मानेवरून ओघळतं, ती पुसते. सकाळीही तिने यंत्र बंद केलं आणि पाणीच नेऊन दिलं. संध्याकाळीच का लागते त्यांना तहान?… चल, चल, पाय उचल.

शेवटची गल्ली ती धावलीच. या वयात, भर दुपारी, लोक बघत होते. दुकानात दुरुस्तीवाला पाठमोरा बसला होता, त्याच्या खांद्याआड पडद्याचा निळा उजेड. तिचंच मशीन. उजेडात काहीतरी सरकत होतं, की नव्हतं?

“सुरू झालं का?” तिने दारातूनच विचारलं.

म्हणजे विचारायला गेली. घसा कोरडा पडला होता, जीभ टाळूला चिकटलेली; शब्द आतच राहिले आणि बाहेर आला नुसता त्या शब्दांचा हेल – घोगरा, लांबट, शेवटी वर चढणारा. तो तिच्या कानावर पडला आणि ती जागच्या जागी थिजली. हा तिचा नव्हताच. हा ती रोज ऐकत होती… दिवे लावायच्या वेळेला. बटण दाबायच्या वेळेला.

दुरुस्तीवाल्याने वळून पाहिलं. तिचा अवतार बघून तो घाईघाईने उठला, स्टूल पुढे सरकवलं.

“बसा ताई, बसा आधी,” तो म्हणाला. “पाणी देऊ?”

त्याच्या मागे पडदा आता पूर्ण दिसत होता. ती तिकडे न बघता त्याच्या हाताकडे बघत राहिली. पेला भरून तिच्यासमोर आला होता, काठोकाठ, आणि तिला पाणी नको होतं.