साठ घरांचा खोकला

धोंडीबा खोकला कसा गिळतो हे मी दरवर्षी समोर बसून बघत होते. आरोग्य पाहणीचं माझं काम. पिंपरीतल्या त्याच त्या घरांत वर्षातून एकदा जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. "खोकला?" म्हटलं की हा फाउंड्रीतला माणूस पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा, डोळे लालभडक व्हायचे आणि मग म्हणायचा, "न्हाई बा." त्याची बायको गिरजाबाई स्टोव्हकडे तोंड फिरवायची. कंपनीला कळलं तर कामावरून काढतील, ही धास्ती. आमच्या कागदातून कुणाचं नाव बाहेर जात नाही, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. असा राग यायचा! पण ते सांगतील तेच लिहायचं, हा नियम.

साठ घरांमागे एक घर निवडलेलं. त्याचं उत्तर साठ घरांचं धरायचं. हे मी धोंडीबाला एकदा सांगून बसले. तेव्हापासून तो मिशीत हसायचा, "साठ घरांचा पाटील हाय मी. पाटलाला खोकला शोभत न्हाई, ताई."

एकोणऐंशी साली गेले तर दाराला कुलूप. समोरच्या चाळीतली कस्तुरा, तिचंही घर आमच्या निवडीत, म्हणाली, "गावाला गेली. धोंडीबादादांना काम झेपंना."

आमची आकडेमोड प्रभाकर सरांकडे. ते शांतपणे म्हणाले, "बंद घराचा भार, म्हणजे त्याची साठ घरं, जवळच्या निवडलेल्या घरावर टाका. कस्तुराचं घर एकशेवीस घरांचं धरू."

"सर, आजारी पडतो तो गावाला जातो आणि ठणठणीत माणूस इथे राहतो. त्याच्यावरच भार टाकत राहिलो तर पिंपरीतला खोकला आपणच बरा करून टाकू की!"

ते चिडलेसुद्धा नाहीत, म्हणून मी जास्तच चिडले. "मग घर शोधा," ते म्हणाले. "सापडलं तर त्याचा भार त्याच्याकडेच राहील."

कस्तुराकडून गावाचं नाव घेतलं आणि चाकणच्या पुढे एसटीतून उतरून विचारत विचारत गेले. गिरजाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. कपाळ मोकळं होतं. मला भडभडून आलं, पण तिच्यासमोर मी काय रडायचं? पिशवीत उगाच पेन शोधत राहिले.

"इचारा की," तीच म्हणाली. "एवढ्या लांब आलाय."

मी विचारत गेले. "घरात कुणाला खोकला?"

"आता कुणालाच न्हाई."

पुढचा प्रश्न होता, वर्षभरात घरातलं कुणी गेलं का आणि कशानं. तो सोडून मी पान उलटलं. शेंगा बाजूला सारून ती माझ्याजवळ सरकली.

"खोकला लिव्हा," ती म्हणाली. "पयल्यापासनं व्हता. तुमी येणार म्हनलं की आदल्या राती उशीत तोंड घालून खोकून घ्यायचे." तिनं माझ्या पेनकडे बोट दाखवलं. "साठच्या साठ घरांचा लिव्हा, ताई. आता त्यांना कोण कामावरनं काढतंय?"