टिचबटणांचा झगा

धाकटीने आईला तसं खोटं कधी सांगितलं नव्हतं. "मी नाचाच्या कंपनीत आहे," असं ती म्हणाली होती आणि ते खरंच होतं. नाचता नाचता अंगावरचं एकेक उतरवायचं असतं, एवढं मात्र तिने स्वतःपाशी ठेवलं होतं. तेव्हा आजच्यासारखे खिशाखिशातून फोटो फिरत नसत. घराबाहेर पडलेलं माणूस सांगेल ते त्याचं काम, आणि घरी आणेल ती त्याची अब्रू.

आणि धाकटी भरपूर आणत होती. थोरल्या बहिणीचे यजमान बँकेत कारकून होते. महिनाभर मान मोडून त्यांना जे मिळे, ते धाकटीला आठवड्यात मिळायचं, वर बक्षिशी वेगळी. वडील गेल्यावर आईने शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवून दोन्ही मुलींना वाढवलं होतं. त्या आईसाठी धाकटीने दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली, तिच्या पायमशीनला मोटर बसवली, पुढचे पडलेले दात बसवून दिले. हे सगळं तुझ्यासाठी, असं ती कधी बोलली नाही. पण आई नसती तर तिने दुसरी खोली घेतलीच नसती. तिला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. कळलं तर आई ओरडेल, रडेल, ते चालेल. पण कळलं तर आई उठून ताईकडे राहायला जाईल.

कामाबद्दल तिला फारसं काही वाटत नसे. क्लब एका छापखान्याच्या वर होता. आत लाकडी फळ्यांचं स्टेज, मधोमध पितळी खांब आणि खालून वर येणारा दिव्यांचा ताप. गुडघे काळेनिळे व्हायचे, त्यावर पावडर थापावी लागे. अंगाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. तो पाळला जावा म्हणून दाराशी एक जाडजूड माणूस, त्याला सगळ्या मुली पहिलवान म्हणत. पहिल्या कडव्याला हातमोजे, दुसऱ्याला पट्टा आणि शेवटच्या ठेक्याला झगा. नाचताना ती समोरच्यांच्या डोक्यांवरून पाहत असे आणि बहुतेक वेळा गॅसचा नंबर लावायचा राहिलाय का, असलं काहीतरी आठवत असे.

एकदा क्लबचा शिंपी नोकरी सोडून गेला. जाताना सगळ्यांची मापं आणि नाचणाऱ्यांतली सगळ्यांत उंच मुलगी, दोन्ही घेऊन गेला. मॅडम, म्हणजे क्लबची मालकीण, म्हणाली, "आता आपापले झगे आपापल्या शिंप्याकडून शिवून घ्या. मी कुणाकुणाच्या मागे धावू?"

धाकटीच्या घरातच शिंपी होता. तिने वांगी रंगाचं साटीन आणून आईपुढे ठेवलं आणि कसं हवं ते सांगितलं.

"दोन्ही कुशींना वरपासून खालपर्यंत टिचबटणं?" आई म्हणाली. "झगा आहे का उशीचा अभ्रा?"

"दोन नाचांच्या मध्ये पटकन बदलावं लागतं गं."

"मग चेन लाव की."

"चेन अडकते."

"आणि टिचबटण सुटतं त्याचं काय?"

"सुटायलाच हवं ना! सुटलं नाही तर बदलणार कशी?"

"तुमच्या कंपनीचं डोकं काही माझ्या डोक्यात शिरत नाही," असं म्हणत आईने टाचण्या तोंडात धरल्या आणि माप घेतलं.

झगा अंगाबरोबर झाला. त्या संध्याकाळी धाकटीने हातमोजे काढले, पट्टा काढला, शेवटच्या ठेक्याला दोन्ही हातांनी झग्याला हिसका दिला. वरची दोन बटणं टिचकन सुटली. बाकीचा झगा जागच्या जागी.

तिने पुन्हा ओढला. कंबरेपाशी बोटांना जाड दोरा लागला, मेण लावलेला, दुहेरी. आई!

ढोलवाल्याने ठेका परत वाजवला. तिने परत ओढला. कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणी. धाकटीला घाम फुटला, पण पाय थांबले नाहीत. शेवटी ती स्टेजवर चक्क मांडी घालून बसली आणि शिवण तोंडाशी धरून दाताने दोरा तोडू लागली. घरात बाया तोडतात तसाच. मग मात्र लोक टेबलं बडवून हसायला लागले. चर्र आवाज करत झगा फाटला तेव्हा एवढ्या टाळ्या पडल्या की खालून छापखान्याचा रखवालदार काय झालं म्हणून पाहायला वर आला.

"हे कुणी शिकवलं तुला?" मॅडमने आत येऊन विचारलं.

"कुणी नाही. अडकला तो."

"मग उद्याही अडकू दे."

"मॅडम, फाटलाय पार."

"परत शिवून आण. ज्याने शिवला त्याच्याकडूनच आण, त्याच्या हाताला गुण आहे. तुझे पैसे वाढवते मी."

घरी आई जागीच होती. "झालं ना नीट? कुठे सुटला नाही ना? काल मी सहज ओढून पाहिलं तर एका हिसक्यात सगळा मोकळा! म्हटलं, चार लोकांत पोरगी उघडी पडायची. म्हणून कंबरेला आणि खाली चार चार टाके घालून ठेवले."

"बरं केलंस," धाकटी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी आईने कुरकुरत झगा पुन्हा शिवला. तिसऱ्या दिवशीही शिवला. चौथ्या दिवशी तिने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"माझे टाके तुला जड होतात का? नको घालू?"

"नाही, घाल."

"रोज फाडून आणतेस आणि घाल म्हणतेस? फाडण्यासाठी घालू का?"

"हो."

आईने सुई पिनकुशनला टोचून ठेवली. "कोण फाडतं?"

"मीच."

"कुठे?"

आत, बदलताना, असं उत्तर धाकटीच्या जिभेवर तयार होतं. पण रोज तेच टाके, त्याच हातांनी, त्याच जागी घातलेले पाहून तिला ते सांगवेना. "स्टेजवर," ती म्हणाली.

आईने मांडीवरचा झगा बाजूला ठेवला. मग आईने एकेक विचारायला सुरुवात केली, गिऱ्हाइकाला माप विचारावं तसं.

"आत काय असतं अंगात?"

"थोडंसं."

"हात लावतात?"

"नाही. लावला तर पहिलवान उचलून बाहेर टाकतो."

"आवडतं तुला?"

"जमतं मला. इतर काही एवढं जमत नाही."

"म्हणजे उघडी पडशील म्हणून मी डोळे फोडून टाके घालत होते, आणि तू..." आईला मध्येच हसू फुटलं. ते तिचं तिलाच आवडलं नसावं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली.

रविवारी ताई आली. आईनेच निरोप धाडला होता. ताईने येताना मोठी पिशवी आणली होती, तेव्हाच धाकटी काय ते समजली.

"शोभतं का हे?" ताई म्हणाली. "उद्या ह्यांना कळलं म्हणजे?"

"भावजींना त्यांचे साहेब सांगतील. दर शुक्रवारी पुढच्या टेबलाला असतात."

"जीभ आवर गं!"

"तूच विचारलंस म्हणून सांगितलं."

"पुरे दोघींचं," आई म्हणाली. तिने साड्या घडी करून पिशवीत भरल्या. धाकटी दाराला टेकून पाहत राहिली. आईने तिच्याकडे वर पाहिलं.

"मी रागाने जात नाहीये. पण संध्याकाळी तू घरातून निघालीस की इथे बसून मी काय वाटून घ्यायचं, ते मला कळत नाही. इतके दिवस कळत होतं. पोरगी कामाला गेली, असं वाटायचं."

"कामालाच जाते, आई."

"असेल," आई म्हणाली आणि गेली.

धाकटी मग तसले टाके स्वतःच घालायला शिकली. आईसारखे जमले नाहीत, पण फाटण्यापुरते जमले. अडकणाऱ्या झग्याचा तो नाच पुढे कित्येक वर्षं चालला. लांबलांबून लोक तो पाहायला येत. भाड्याची जागा तिने विकत घेतली. दुसरी खोली होती तशीच राहिली.

आई दर मंगळवारी दुपारी यायची. चहा घ्यायची, पडदे का धुतले नाहीस म्हणून ओरडायची, थोरलीच्या पोरांच्या तक्रारी सांगायची. कामाचं नाव दोघी काढत नसत. आणि उन्हं उतरायच्या आत, धाकटीने केसांना हात लावायच्या आत, आई चप्पल घालून निघालेली असे.

एका मंगळवारी ती बोलता बोलता खुर्चीतच झोपली. वय झालं होतं. धाकटीने आवाज न करता आवरलं, पिशवी भरली आणि समोर बसून राहिली. उठवलं तर आई घाईने निघून जाईल, आणि न उठवता निघून जाणं तिच्याने होईना. बाहेर दिवे लागले.

आई दचकून जागी झाली. तयार होऊन बसलेली मुलगी तिला दिसली.

"किती वेळ बसलीयस अशी?"

"आत्ताच."

"खोटं बोलू नकोस. अगं, उठवायचं मला! तुझा खेळ चुकेल ना."

तो शब्द आई पहिल्यांदाच बोलत होती. दोघी जिना उतरल्या. रस्त्यावर आईची वाट डावीकडे होती, धाकटीचा बसथांबा उजवीकडे. आई उजवीकडे वळली.

"तू कुठे?"

"चल गुपचूप. अंधार पडलाय, मी एकटी कुठे जाऊ?" अंधारात एकटीने परतच जायचं होतं, ते तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

बस आली. धाकटी हलली नाही.

"गेली ना बस!" आई म्हणाली.

"दुसरी येईल."

"तुझी ती मॅडम बोलेल."

"बोलू दे."

दोघी थांब्यावर उभ्या राहिल्या. दुसरी बस आली, तेव्हा आईनेच तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे केलं.