गरुडपंखची बातमी

मॅब्लीनं सातव्या वर्षी पेपर काढला. एकच पान, दोन्ही बाजूंनी शाईनं बरबटलेलं. पहिल्या अंकाची ठळक बातमी होती, 'प्रोबर्टबाईंची मांजर तिसऱ्यांदा छपरावर'. चित्रही मॅब्लीनंच काढलेलं, आणि त्यात मांजरीपेक्षा प्रोबर्टबाईच जास्त घाबरलेल्या दिसत होत्या. नांत-अ-वेलिन गावात तेव्हापासून ती पेपरवाली मॅब्ली झाली ती झालीच.

वेड काही उतरलं नाही. नवव्या वर्षी तिनं नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळाला दोन पानांचं भाषण लिहून दिलं. बिचारा अर्ध्यात विसरला, तेव्हा तिनं पडद्यामागून उरलेलं स्वतःच म्हणून टाकलं. गळा नसताना ती चॅपलच्या गायकवृंदात शिरली, का तर आत काय भांडणं चालतात ते लिहायला मिळावं. एकोणिसाव्या वर्षी कार्डिफला पत्रकारिता शिकायला गेली, तरी गावच्या मासिक पेपरासाठी दर महिन्याला घरी यायची. त्याच्या संपादक मेरेरिदबाई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण लाल पेन निवृत्त झालं नव्हतं.

मे महिन्यात गावचा आइस्टेदवोद, म्हणजे कलांच्या स्पर्धांचा मेळा, आला. गाणी, नाच, कविता, आणि शेवटी सगळ्यात मोठा मान, ओकच्या लाकडाची खुर्ची. यंदा ती कथेला होती.

"खुर्चीची बातमी तू करायची," मेरेरिदबाई म्हणाल्या. "शेवटचं पान रिकामं ठेवलंय."

मॅब्लीनं स्वतःही कथा पाठवली होती. टोपणनावानं, खरं नाव बंद पाकिटात. निकालाआधी नाव फोडायचं नाही असा नियम होता. "बरं बाई," एवढंच ती म्हणाली. खरं सांगायचं तर स्वतःच्या नावाचा मथळाही तिनं मनात जुळवून ठेवला होता.

शनिवारी शाळेचा हॉल खच्चून भरला. दाराशीच चहाच्या टेबलापाशी इद्वलकाका उभे होते. गेली बत्तीस वर्षं ते शाळेची बस चालवत होते. मॅब्लीसकट निम्मं गाव त्यांच्याच बसनं शिकलं होतं.

"काय गं पेपरवाली, आज कुणाची मांजर?"

"आज खुर्ची आहे, काका. मोठी बातमी."

"मग हा बारा ब्रिथचा केक खाऊन घे. मोठ्या बातमीला पोटात काहीतरी लागतं." त्यांनी मनुकांच्या त्या केकचा जाड तुकडा तिच्या हातावर ठेवला.

परीक्षक मंचावर आले. सात कथांबद्दल ते बोलले. मॅब्लीचं टोपणनाव होतं 'गरुडपंख'.

"गरुडपंखकडे शब्द आहेत," परीक्षक म्हणाले. मॅब्लीची पेन्सिल थांबली. "फारच आहेत. एकट्या धुक्यालाच पाच विशेषणं. पण हा पक्षी इतका उंच उडतो, की खाली माणसं काय खातात, कशावरून भांडतात, हे त्याला दिसतच नाही. तेरा पानांत कुणी साधा चहासुद्धा प्यायलेलं नाही."

हॉलमध्ये खसखस पिकली. शेजारी बसलेली मॅब्लीची आईही मनमोकळं हसली. तिला बिचारीला काय माहीत! मॅब्लीचे कान तापले.

"खुर्ची आहे 'काठावरचा' यांची. बिगूल वाजला की त्यांनी उभं राहावं."

बिगूल वाजला. माना वळल्या. शेवटच्या रांगेमागे, हातात केकची बशी धरून, इद्वलकाका खाली बघत उभे होते.

"काका, बसा की खाली! ज्याला मिळाली त्यानं उभं राहायचंय," कुणीतरी ओरडलं.

"म्हणून तर उभा आहे," काका म्हणाले.

मग टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. त्यांना मंचावर नेऊन खुर्चीत बसवलं, रिवाजाप्रमाणे डोक्यावर तलवार अर्धी उपसून धरली. "शांतता आहे का?" असं तीनदा विचारलं गेलं, आणि तीनदा सगळा हॉल गरजला, "शांतता!"

मॅब्ली तेवढ्यात बाहेर सटकली होती. मेरेरिदबाईंना ती बुटांच्या कपाटाशी सापडली. बाईंनी तिच्या डोळ्यांकडे एकदाच पाहिलं.

"गरुडपंख का?"

तिनं मान डोलावली.

"मला वाटलंच होतं. विशेषणं ओळखीची वाटली. रडून झालं की वही घे. अंक सोमवारी छापायला जातोय."

काका खुर्चीत अवघडून बसले होते. मॅब्लीनं आवाज कमावून पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून लिहिताय?"

"सकाळी पोरं उतरली की तीनपर्यंत बस उभीच. बाकीचे ड्रायव्हर झोपायचे. मला झोप येत नाही."

"बत्तीस वर्षं?"

"एक्केचाळीस वह्या. बिस्किटांच्या डब्यांत आहेत."

"आणि कुणालाच दाखवल्या नाहीत?"

"मेंढ्यांना वाचून दाखवल्या. त्या चरायला निघून गेल्या." काका हसले, मग हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यात बस सोडतोय. म्हटलं, आता हरायलाही सवड आहे."

मॅब्ली एक तास विचारत राहिली. दोन भाऊ आणि एक जेवणाचा डबा, एवढीच त्यांची गोष्ट. काकांनी ती सांगितली तेव्हा ती लिहायचंच विसरली.

पहिला मसुदा तिनं फाडला. त्यात खुर्चीपेक्षा तिचंच दुःख जास्त होतं. दुसऱ्यात काका होते, बस होती, मेंढ्या होत्या. तळाशी तिनं एक ओळ घातली, 'ही बातमी लिहिणारी स्वतः स्पर्धेत होती आणि हरली, हे वाचकांना माहीत असावं.' मेरेरिदबाईंच्या लाल पेनानं त्या ओळीला हात लावला नाही.

अंक चार दिवसांत संपला. प्रोबर्टबाईंनी तिला रस्त्यात गाठून सांगितलं, "अगं, वाचता वाचता माझा चहा गार झाला!" खुर्ची मिळाली असती तरी तिला इतका आनंद झाला असता की नाही, कोण जाणे.

आता दर महिन्याला काकांच्या वह्यांतलं एक पान पेपरात येतं, आणि मॅब्ली ते छपाईसाठी तयार करते.

"हे 'रुपेरी' कुठून आलं?" परवा काकांनी विचारलं.

"मी घातलं. धुकं आहे ना!"

"धुकं ओलं होतं. माझे बूट भिजले होते."

"पण काका, वाचायला छान वाटतं."

"मग तुझ्या धुक्यात घाल. माझ्यातलं काढ."

अर्धा तास वाद झाला. मॅब्ली हरली, आणि लगेच दुसऱ्या ओळीवरून भांडायला बसली.