द्राक्षांची पाठवणी

"ज्या दिवशी आपल्या वाडीचा घड विलायतेच्या साहेबाच्या ताटात पडंल, त्या दिवशी इंग्रजानं दीडशे वर्षं केलेल्या राज्याची फिटंफाट झाली असं समजा!"

एकोणीसशे ब्याऐंशीच्या थंडीत, मारुतीच्या पारावर उभं राहून खंडेरावानं ही घोषणा केली तेव्हा समोर सात माणसं होती. चौघं चहा मिळेल म्हणून आली होती, दोघं ऊन खात बसली होती आणि सातवा गोटीराम सायकल पंक्चर झाल्यामुळे कुठं जाऊ शकत नव्हता. गोटीरामानं सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "पण तात्या, साहेब लोक म्हणं सगळं काट्या-चमच्यानं खात्यात. मग द्राक्ष कसं खात असतील? मणी निसटून पळत नसंल?"

सभा त्या विषयाकडे वळली ती वळलीच. कुणी म्हणालं, काट्यात टोचत असतील. कुणी म्हणालं, नोकर भरवत असेल. दीडशे वर्षांचा हिशेब पारावर तसाच राहिला आणि खंडेराव चहाचं सांगायला घरी गेला.

तोवर त्याच्या द्राक्षांचा सगळ्यात लांबचा प्रवास देवळाली कॅम्पापर्यंत झालेला होता. तिथल्या बाजारात एका सुभेदाराची बायको दर आठवड्याला ती न्यायची आणि पुढच्या आठवड्याला येऊन आंबट निघाली म्हणून सांगायची. सांगून पुन्हा न्यायची. एवढ्याशा कौतुकावर खंडेरावानं बारा वर्षं बाग जगवली होती. पण त्या वर्षी एका निर्यात कंपनीनं गंगापूर रोडवर, एका बंगल्याच्या पुढच्या खोलीत हापिस थाटलं आणि खंडेरावाला आपण आजवर उगाच देवळालीकडं तोंड करून बसलो होतो असं वाटायला लागलं.

हापिसातल्या मॅनेजरनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग घाबरवलं. घडाला पान चिकटलेलं नको. माती नको. औषधाचा डाग नको, म्हणून फवारणी तोडणीच्या कितीतरी आधी बंद. आणि किडा तर स्वप्नातसुद्धा नको.

"मुंबईला सरकारी तपासणी असते," मॅनेजर म्हणाला. "त्यांचा दाखला मिळाला तरच माल विमानात चढतो. तिथं एक जरी किडा चालताना दिसला, तर त्या बागेचा नंबर कायमचा कट. मग देवानं चिठ्ठी दिली तरी आम्ही तुमचा माल घेणार नाही."

"चालताना?" खंडेरावानं विचारलं. "आन् बसलेला असंल तर?"

"बसलेला उठेपर्यंत ते थांबतात."

खंडेरावाच्या बागेला नंबर मिळाला सतरा. त्यानं तो फाटकावर लाल रंगात रंगवून घेतला. फाटकावर त्याचं स्वतःचं नावही होतं, पण ते आता सतराच्या पायाशी बसल्यासारखं दिसायला लागलं.

त्यानंतरचे दोन महिने वाडीनं जे सोसलं ते इंग्रजाच्या काळातही सोसलं नसेल. माल भरायची शेड वाडीची सामाईक होती, तिथं खंडेरावानं विडी बंद केली, तंबाखू बंद केली, चपला बाहेर काढायला लावल्या. घड भरणाऱ्या बायकांनी डोक्याला फडकं बांधायचं, नखं काढायची, हात साबणानं धुवायचे. शकुबाईनं धुतलेल्या हाताला सवयीनं पदर लावला, तर तिला पुन्हा धुवायला पाठवलं. त्यानं नाशकातून एक भिंग आणलं होतं. पिठ्या ढेकूण नावाची एक पांढरी कीड घडाच्या देठात लपते, ती शोधायला तो उन्हातान्हात ओळीओळीनं भिंग लावून हिंडायचा. बागेत ती सापडली नाही. भिंगाखाली त्याला स्वतःचं बोट दिसलं आणि ते बघून दोन दिवस जेवण गेलं नाही.

"तात्या," गोटीराम बांधावरून ओरडायचा, "किड्यानं आधी अर्ज करायचा, का डायरेक यायचं?"

गोटीरामाच्या बागेलाही नंबर मिळाला होता, अठरा. पहिली खेप खंडेरावाची, आठवड्यानं दुसरी त्याची. गोटीराम सगळे नियम पाळायचा, फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

ह्या सगळ्यात नवसाबाई, म्हणजे खंडेरावाची बायको, फारसं बोलली नाही. ती मुळात कमी बोलायची. तिच्या आईबापानं नवस करून तिला मागून घेतलं होतं. पुढं तिनं स्वतः केलेल्या नवसांचा मात्र काही उपयोग झाला नव्हता. वीस-बावीस वर्षांच्या संसारात घरात पाळणा हलला नाही, आणि हल्ली दोघांनीही तो विषय माळ्यावर टाकून दिला होता. तोडणीच्या आदल्या दिवशी ती शेडमध्ये आली. पुठ्ठ्याच्या नव्याकोऱ्या पेट्या, आत पांढरा झुळझुळीत कागद, कागदात पिवळसर हिरवे घड. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"सासरी निघाल्यावानी दिसत्यात," ती म्हणाली.

"कोण?"

"ह्या. लय लांब निघाल्यात. अशा रिकाम्या कशा धाडायच्या?"

"रिकाम्या कुठं? भरलेल्या हायेत की." खंडेराव भिंग पुसत होता. "आन् हात लावू नको, धुतला नसंल तर."

तिनं हात धुतला. त्यावर खंडेराव खूष झाला. बायकोलाही अखेर नियम समजले म्हणून त्याला बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी पेट्या भरायला घेतल्या तेव्हा त्यानं शेड तिच्या हवाली केली आणि ट्रक आणायला ओझरला गेला. परत आला तर पेट्यांना चिकटपट्ट्या लागल्या होत्या. एकही पेटी वाकडी नाही. बायका ओळीनं उभ्या होत्या आणि सगळ्याच गप्प होत्या. चांगुणा, जी झोपेतसुद्धा बोलते असा तिचा लौकिक होता, ती डोळे पुसत होती.

"काय झालं गं?"

"कुठं काय," चांगुणा म्हणाली. "डोळ्यात कायतरी गेलं."

"भिंग देऊ का?"

कुणी हसलं नाही. खंडेरावाला वाटलं, शिस्तीचा परिणाम.

मुंबईला तो ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः गेला. नवा सदरा घातला होता. विमानतळाजवळच्या गोदामात तपासणीचे साहेब आले. बारीक, चष्मेवाले, मराठीच, आवाज इतका मऊ की रागावले तरी कळू नये. त्यांनी ढिगातली मधलीच एक पेटी ओढली, पट्टी कापली, घड एकेक उचलून उजेडात धरले. देठ बघितले. मान हलवली. खंडेरावाच्या छातीत विमान सुरू झालं.

मग साहेबांनी खालचा कागद उचलला.

कागदाखाली मूठभर तांदूळ होते. तांदळावर एक हळकुंड, एक सुपारी, खोबऱ्याचा एक तुकडा. सगळ्यावर कुंकवाची चिमूट.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"तांदूळ," खंडेराव म्हणाला. आपला आवाज कुठून येतोय हे त्याला कळेना.

"ते मलाही दिसतंय."

साहेबांनी दुसरी पेटी उघडली. तिसरी उघडली. एकाही लेकीला नवसाबाईनं उणं पडू दिलं नव्हतं. खंडेरावानं तांदूळ ओळखले. घरातल्या डब्यातले, गेल्या दिवाळीचे, त्यानंच आणलेले. आणि तो ओळखतोय तोच त्या तांदळातून एक काळा सोंडकिडा बाहेर आला. त्यानं सोंड वर करून मुंबईची हवा घेतली आणि कागदाच्या कडेकडेनं, कसलीही घाई नसल्यासारखा चालायला लागला.

खंडेरावाला मॅनेजरचे शब्द आठवले. हा बसलासुद्धा नव्हता.

"ओटी भरलीय तुम्ही लोकांनी," साहेब हळूच म्हणाले. "माझी आईसुद्धा भरायची. माझ्या बहिणी सासरी गेल्या तेव्हा. पण हे मी तिकडं कुणाला समजावू? ते म्हणणार धान्य आहे, धान्यात कीड आहे, हळकुंडाला माती आहे. दाखला नाही देता येणार."

"साहेब, तांदूळ काढून टाकतो. सगळ्या पेट्या उघडतो. इथंच बसून वेचतो एकेक दाणा."

"किडा आता कुठल्या घडात गेला असेल, तुम्ही सांगाल?"

दोघांनी कागदाकडं पाहिलं. किडा खरोखरच तिथं नव्हता.

"माल भरला कुणी?" साहेबांनी पेन काढलं. "शेडमधल्या बायकांनी हे केलं असेल तर शेड बंद करावी लागेल. मग तुमच्या वाडीतून कुणाचाच माल येणार नाही."

खंडेरावानं पेनाकडं पाहिलं. डोळ्यांपुढून गोटीराम गेला, चांगुणा गेली, हात धुणारी नवसाबाई गेली.

"मी भरली," तो म्हणाला.

"ओटी? तुम्ही?"

"हां. आमच्याकडं गडीमाणूस भरतो."

साहेबांनी त्याच्या मिशीकडं पाहिलं, मग पेटीतल्या कुंकवाकडं पाहिलं. मिशी चांगली भरघोस होती. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. बाग नंबर सतरा एवढंच लिहिलं, आणि लिहिलेल्यावर एक रेघ ओढली. तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या एका पिशवीत गोळा करून पुरावा म्हणून ठेवून घेतल्या. घड परत दिले.

परतीच्या वाटेवर कसारा चढताना ऊन असं लागलं की ताडपत्रीखाली मणी देठापासून सुटायला लागले. घाटात गाडी थांबवली तेव्हा खालून रस टपकत होता. ड्रायव्हरनं बोट लावून चाखलं.

"तात्या, साखर हाय वो नुसती," तो म्हणाला.

बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी गोड म्हणालं होतं. खंडेराव रस्त्याच्या कडेला बसला आणि बराच वेळ उठला नाही. ड्रायव्हरला वाटलं लघवीला बसलाय, म्हणून तो सभ्यपणे दुसरीकडं बघत राहिला.

बायकोला काय बोलायचं ते त्यानं इगतपुरीपासून ठरवत आणलं होतं. पहिलं वाक्य फार जोरदार होतं. नाशिक येईपर्यंत त्यातला निम्मा जोर गेला आणि फाटकावरचा लाल सतरा दिसला तेव्हा वाक्यच आठवेना.

फाटकात गोटीराम उभा होता. ट्रककडं बघून त्यानं तोंड उघडलं, मग खंडेरावाकडं बघून मिटलं.

"तुझा माल जाईल," खंडेराव म्हणाला. "काट्यानं खात्यात का कशानं, ते आता तुलाच कळंल."

"तात्या..."

"पेट्या बंद करताना स्वतः हजर राहा. बाकी कायी विचारू नको."

नवसाबाई ओट्यावर होती. तिनं ट्रक पाहिला, पेट्या पाहिल्या आणि तिचा चेहरा माहेरी परत आलेली पोर बघावी तसा झाला. ती खाली उतरली. एक पेटी उघडली. आत अर्धे घड मोकळे झाले होते, कागद भिजून लगदा झाला होता. तिनं हात घालून तळ चाचपला.

"नको म्हणाले?" तिनं विचारलं.

"नको म्हणाले."

"आन् ओटी?"

खंडेरावानं तिच्याकडं पाहिलं. ठरवलेलं वाक्य ह्या वेळी परत आलं, अगदी ओठांपर्यंत आलं. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी नाही, आता कधीच नाही, हे तिला सांगायला त्या एका वाक्यात भरपूर जागा होती.

"ओटी ठेवून घेतली त्यांनी," तो म्हणाला.

"ठेवून घेतली?"

"हां. पिशवीत घालून. नीट."

ती थोडी हसली. त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच. "मग चांगली माणसं असतील," ती म्हणाली.

"गोटीरामच्या पेट्यात नको भरू."

"मी कशाला भरू? त्याला चार लेकी हायेत."

ट्रक रिकामा व्हायला लागला. घड गुरांच्या गव्हाणीत पडले आणि गुरांनी काट्या-चमच्याशिवाय ते खायला सुरुवात केली. खंडेराव फाटकाशी जाऊन उभा राहिला. सतरा खरवडून काढावा म्हणून त्यानं नख लावलं, पण नखं त्यानं स्वतःच्याच नियमाप्रमाणे मुळापासून काढलेली होती. रंग निघेना. अंधार पडायला लागला तरी तो तिथंच होता, एका रंगवलेल्या आकड्याकडं बघत, कपाळ फाटकाला टेकून.

मागून नवसाबाई आली. जरा वेळ थांबली. पदराशी चाळा केला.

"अवो," ती म्हणाली, "त्यातली एक कोरडी पेटी मला ठेवा. कोंबडी खुडूक झालीय, अंड्यांवर बसवायचीय."